तडा, टाका, ताव

रेडिएटरमध्ये रोज सकाळी लिटर-दोन लिटर पाणी भरावे लागते आणि गाडीखाली जमिनीवर मात्र थेंबही दिसत नाही. रबरी पाइप कोरडे असतात, वॉटर पंपही धड असतो. रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू ठेवले की पाण्यात बुडबुडे येत राहतात. काही दिवसांनी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघू लागते. ऑइलची कांडी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ साका चढलेला दिसतो. ‘इंजिन पाणी खातंय,’ एवढेच ड्रायव्हर सांगतो. हे वाक्य ऐकल्यावर जुना मिस्त्री पहिला संशय हेड गॅस्केटवर घेतो आणि दुसरा हेडवर. गॅस्केट बदलूनही पाणी जातच राहिले, तर हेडला तडा गेला असणार हे जवळजवळ ठरते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो: जुन्या ट्रकच्या इंजिनाचे तडकलेले सिलिंडर हेड पुन्हा कामाला कसे लावायचे, आणि ते कधी लावू नये.

सिलिंडर हेड हा इंजिनाचा ओतायला सर्वांत अवघड भाग आहे. बिडाच्या एकाच तुकड्यात हवा आत घेण्याच्या वाटा, जळका वायू बाहेर टाकण्याच्या वाटा, नोझलची भोके, वॉल्व्हच्या सीट आणि गाइड, आणि या सगळ्यांना वळसा घालत फिरणाऱ्या पाण्याच्या पोकळ्या असतात. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके राबलेले टाटांचे ६९७ इंजिन घ्या. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८ मिलिमीटर स्ट्रोक, ५,६७५ घनसेंटिमीटर क्षमता. आणि सहाही सिलिंडरांवर एकच अखंड हेड. लेलँडच्या ६८० इंजिनावर तीन-तीन सिलिंडरांची दोन हेडे असत. कमिन्सच्या एन मालिकेत दोन-दोन सिलिंडरांची तीन हेडे असतात. या फरकाचा थेट परिणाम मालकाच्या खिशावर होतो. कमिन्सच्या एका हेडला तडा गेला तर बाकीची दोन शाबूत राहतात. ६९७ मध्ये एका सिलिंडरजवळ दोन सेंटिमीटरचा तडा गेला तरी हाताच्या बळावर न उचलला जाणारा तो अख्खा तुकडा बाद ठरतो. दुरुस्तीची कला अशा इंजिनांभोवती वाढली यात नवल नाही.

तडा का जातो, हे नीट समजल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला वायू २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये बिडाची जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटरची जाडी असते. इनलेट आणि एक्झॉस्ट वॉल्व्हच्या मधली अरुंद पट्टी, किंवा वॉल्व्ह सीट आणि नोझलचे भोक यांच्यामधली चिंचोळी जागा, ही सर्वांत जास्त तापते. तापलेल्या धातूला पसरायचे असते. भोवतालचा तुलनेने थंड धातू त्याला पसरू देत नाही. त्यामुळे ती पट्टी दाबली जाते आणि पुरेशी तापलेली असेल तर कायमची किंचित आखूड होते. इंजिन बंद केल्यावर सगळे हेड निवते तेव्हा ही आखूड झालेली पट्टी दोन्ही बाजूंनी ओढली जाते. बीड जितका दाब सोसते त्याचा तिसरा-चौथा हिस्साच ताण सोसते. म्हणून हेड तडकण्याची तयारी तापताना होते आणि तडा निवताना जातो. हे चक्र हजारो वेळा चालते. प्रत्येक घाट, प्रत्येक ढाब्यावरचा थांबा त्यात आपली भर घालतो.

चांगल्या स्थितीतले इंजिन हे चक्र वर्षानुवर्षे सहन करते, कारण पट्टीचे तापमान मर्यादेत राहते. ते मर्यादेबाहेर जाण्याची कारणे बहुतेक वेळा हेडच्या बाहेर असतात. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षभर ओतले की पाण्याच्या पोकळीत क्षाराचा थर बसतो. लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी वाहून नेतो. एखादा मिलिमीटर जाडीचा थर वॉल्व्हमधल्या पट्टीचे तापमान धोक्याच्या पलीकडे नेऊ शकतो. कसारा किंवा खंबाटकी घाट भरल्या गाडीने, खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिन पूर्ण ताकद लावत असते आणि रेडिएटरवर वारा मात्र कमी लागतो. अशा वेळी पाणी उकळले आणि माथ्यावर पोहोचताच ड्रायव्हरने बादलीभर थंड पाणी आत ओतले, तर सोसण्याची उरलीसुरली शक्तीही संपते.

थर्मोस्टॅटचा गैरसमज तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘आपल्याकडे ऊन आहे, थर्मोस्टॅट कशाला?’ म्हणून तो काढून टाकला जातो. अनेक इंजिनांत गरम झालेला थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडताना बगलेची वाट बंदही करत असतो. तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो, आणि थंड राहावे म्हणून केलेला उपाय इंजिन तापवतो.

एकदा तडा सुरू झाला की तो का वाढतो, याचे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले गेले. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिसने १९१३ मध्ये दाखवले की, भोकाच्या किंवा फटीच्या टोकाशी ताण अनेक पटींनी एकवटतो. टोक जितके अणकुचीदार तितका जास्त. १९२१ मध्ये ए. ए. ग्रिफिथने काचेवर प्रयोग करून तड्याच्या वाढीचा ऊर्जेच्या हिशेबाने उलगडा केला. गॅरेजमध्ये ही नावे कुणी घेत नाही, पण तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायचे, हा नियम प्रत्येक जाणकार मिस्त्री पाळतो. गोल भोकाने टोकाची धार मोडते. मात्र डोळ्यांना दिसणारे टोक हे तड्याचे खरे टोक क्वचितच असते. अनुभवी हात भोक दिसणाऱ्या टोकाच्या थोडे पुढे पाडतो, याचे कारण तेच.

म्हणजे पाहायला शिकणे हे पहिले काम. जुन्या रेल्वे कार्यशाळांत भाग तेलात बुडवून, पुसून, त्यावर खडूचा पातळ लेप देत; तड्यात मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या लेपावर काळी रेघ उमटवी. आपल्या गॅरेजांतली रॉकेल आणि खडूची परीक्षा याच कुळातली. १९३४ मध्ये अमेरिकेत मॅग्नाफ्लक्स कंपनी स्थापन झाली आणि चुंबकीय कणांची तपासणी कारखान्यांत रुळली: लोखंडाचे चुंबकन करून वर बारीक लोहकण टाकले की ते तड्यावर गोळा होतात. १९४० च्या दशकात जोसेफ आणि रॉबर्ट स्विट्झर या भावांनी अतिनील प्रकाशात चमकणारा रंग तपासणीसाठी वापरात आणला. लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर यांचे स्प्रेचे डबे आता तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याने निदान ते घ्यावेत.

पण वरून दिसणारा तडा आणि पाणी सोडणारा तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा निकाल दाबाच्या परीक्षेत लागतो. हेडमधल्या पाण्याच्या सर्व वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. गरम पाण्यातच, कारण थंडीत मिटलेले अनेक तडे ऊब मिळाल्यावरच तोंड उघडतात. ही परीक्षा न करता वेल्डिंगला बसणारा कारागीर अंदाजाने काम करतो, आणि त्या अंदाजाची किंमत मालक मोजतो. दुसरीकडे, प्रत्येक रेघ ही दुरुस्तीची मागणी नसते. काही इंजिनांच्या सेवापुस्तिका ठरावीक जागी, ठरावीक लांबीपर्यंतचे बारीक तडे चालतील असे स्पष्ट सांगतात. न लागणारी दुरुस्ती टाळणे हाही या विद्येचाच भाग आहे.

आता मुख्य वाद. तडा कसा भरायचा, यावर जगभरच्या कार्यशाळांत ठळकपणे दोन घराणी पडली: ताव देणारे आणि टाका घालणारे. त्यांच्या मध्ये थंड वेल्डिंगवाले, पितळ वापरणारे, सीट बदलून भागवणारे असे अनेक लहान पंथ आहेत. वाद समजायचा तर बिडाचा स्वभाव आधी लक्षात घ्यावा लागतो. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात सगळीकडे विखुरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला सोपे जाते, लेथवर सुखाने कापले जाते आणि इंजिनाचा थरकाप शोषून घेते. पण त्यांच्याचमुळे ते ताणले की वाकत नाही, तुटते. वेल्डिंगच्या ठिणगीखाली बीड वितळून पटकन निवले की कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तिथे काचेसारखे कडक पांढरे बीड तयार होते, त्यावरून कानस घसरते, ड्रिल बोथट होते. शिवाय निवताना जोड आकसतो आणि शेजारच्या ठिसूळ धातूला ओढून नवा तडा पाडतो. कित्येकदा जोड शाबूत राहतो आणि तडा त्याच्या अगदी कडेने धावतो.

यावर ताववाल्यांचे उत्तर सरळ आहे: संपूर्ण हेडच तापवा. वॉल्व्ह, गाइड, प्लग, सगळे काढून हेड भट्टीत ठेवायचे आणि तासन्‌तास हळूहळू ६५० ते ७०० अंशांपर्यंत न्यायचे. मंद लाल झालेल्या त्या हेडवर ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीने, बिडाचीच कांडी आणि फ्लक्स वापरून तडा वितळवून भरायचा. मग हेड पुन्हा भट्टीत किंवा राखेच्या ढिगात झाकून एक-दोन दिवस निवू द्यायचे. घाईला इथे जागा नाही. पाऊण मीटर लांबीचे हेड एवढे तापल्यावर पाच-सहा मिलिमीटरने लांबते. ते सगळे एकसारखे लांबले आणि एकसारखे आखडले, तरच जोड टिकतो. भरलेला धातू मूळ बिडाशी जुळतो, रंगाने आणि वागण्याने वेगळा ओळखू येत नाही. मोठे तुकडे उडालेले हेड, वॉल्व्हच्या वाटेत खोल गेलेला तडा, अशा कामांत या पद्धतीला तोड नाही. विटा रचून केलेल्या कोळशाच्या भट्टीवर हे काम करणारे कारागीर आपल्याकडे होते आणि काही अजून आहेत. तापमापक नसताना लाल रंगाच्या छटेवरून ताव ओळखणारा त्यांचा डोळा, हा या पुस्तकाने जपलेला मोठा ऐवज आहे.

या ज्योतीचा इतिहास फार जुना नाही. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते हे हेन्री ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये दाखवले; एदमाँ फुशे आणि शार्ल पिकार यांची वापरता येईल अशी टॉर्च १९०३ च्या सुमारास आली. त्यापूर्वी फुटलेले बीड म्हणजे भंगार, किंवा फार तर पट्टी आणि बोल्ट. मत बदलवणारी घटना घडली ती १९१७ मध्ये. अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत १९१४ पासून अडकून पडलेली जर्मन जहाजे तिने ताब्यात घेतली. ती हातची जाणार हे ओळखून जर्मन खलाशांनी इंजिनांचे बिडाचे प्रचंड सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते. नवे सिलिंडर ओतून बसवायचे तर वर्ष सहज गेले असते. अमेरिकी नौदलाच्या अभियंत्यांनी विद्युत वेल्डिंग आणि यांत्रिक जोड यांच्या बळावर ती काही महिन्यांत दुरुस्त केली आणि त्याच जहाजांतून सैन्य युरोपला पाठवले. फुटलेले बीड जोडता येते, आणि ते महासागर ओलांडण्याइतके भरवशाचे असते, हे जगाने तेव्हा पाहिले. १९१९ मध्ये अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची स्थापना झाली.

थंड वेल्डिंगची वाट भट्टी नसलेल्यांसाठी आहे. निकेलच्या कांडीने पंचवीसेक मिलिमीटरचा आखूड टाका मारायचा, तो गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकून ताण मोकळा करायचा, हात टेकवता येईल इतके निवू द्यायचे आणि मग पुढचा टाका. निकेल कार्बनशी कडक संयुग करत नाही आणि स्वतः मऊ राहून ताण सोसते, म्हणून ही कांडी महाग असूनही परवडते. पाण्याच्या पोकळीची बाहेरची भिंत, बोल्टचा तुटलेला कान, अशा जागी ती उत्तम. ज्वालेसमोरच्या पट्टीवर मात्र ती वारंवार हरते. आपल्याकडची बहुतेक फसलेली हेडे इथेच फसतात: पद्धत वाईट नसते, जागा चुकलेली असते.

पितळी जोडाचेही तसेच. त्यात मूळ बीड वितळतच नाही, त्यामुळे कडकपणाचा प्रश्न कमी येतो. झाँ-पिएर वासरमान यांनी १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये कॅस्टोलिन हा उद्योग सुरू केला, तो बीड कमी तापमानावर जोडण्याच्या याच कल्पनेवर. पण पितळ आगीसमोर दुबळे पडते, आणि एकदा तड्यात पितळ गेले की नंतर तिथे बिडाचे वेल्डिंग जवळजवळ अशक्य होते. आज वाचवलेले पैसे उद्याच्या दुरुस्तीची वाट बंद करतात, हे मालकाला आधी सांगितले पाहिजे.

टाक्याचे घराणे उष्णतेलाच नकार देते. टेक्सासच्या तेलक्षेत्रांत १९३० च्या दशकात ही रीत आकाराला आली, कारण तिथे वेल्डिंगची एक ठिणगी स्फोटाला पुरेशी होती. मेटालॉक या नावाने ती जगभर पोहोचली. तड्यावर आडवी भोके पाडून त्यांत निकेलयुक्त धातूच्या कड्या ठोकून बसवतात; या कड्या दोन बाजू घट्ट धरतात. मग तड्याच्या लांबीभर एकापुढे एक भोके पाडून, आटे पाडून, पिना बसवतात. पुढची पीन आधीच्या पिनेचा काही भाग कापूनच बसते, कौलावर कौल चढावे तशी, त्यामुळे मध्ये फट राहत नाही. वरचे डोके कापून, ठोकून, घासून सपाट केले की तडा कुठे होता ते शोधावे लागते. जुन्या निमुळत्या पिना बसताना तड्याच्या बाजू एकमेकींपासून दूर ढकलत. कॅलिफोर्नियाच्या लॉक-एन-स्टिचने आट्याचा आकार आकड्यासारखा करून त्या जवळ खेचणारी पीन प्रचारात आणली. उष्णताच नसल्याने हेड वाकत नाही, सीट आणि गाइड जागच्या जागी राहतात. जहाजांची इंजिने बोटीवरच, न उतरवता, या रीतीने दुरुस्त होतात.

वॉल्व्हमधल्या पट्टीवरचा तडा आणि एकसंध ६९७ चे हेड असेल, तर टाका आणि नवी सीट यांची जोडी हाच पहिला विचार असावा, असे या प्रस्तावनेचे मत आहे. तडा पिनांनी भरायचा, मग सीटची जागा मोठी कापून तिथे कठीण धातूची नवी रिंग दाबून बसवायची. तड्याचा सीटवरचा भाग रिंगखाली कायमचा झाकला जातो. भट्टीकडे वळावे ते धातूच उडाला असेल तेव्हा. तड्यांचे जाळे पसरले असेल, किंवा तडा नोझलच्या भोकातून आत पाण्याच्या पोकळीत अशा जागी शिरला असेल जिथे ड्रिलही पोहोचत नाही आणि ज्योतही, तर हेड बाजूला ठेवावे. ‘होणार नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्या मिस्त्रीचा मान या धंद्यात मोठा आहे, आणि तो योग्यच आहे.

रेडिएटरमध्ये ओतायच्या औषधांबद्दल दोन शब्द पुरेत. सोडियम सिलिकेट असलेली ही द्रावणे गरम तड्याशी सुकून घट्ट होतात आणि पाण्याच्या भिंतीतला केसाएवढा तडा काही काळ रोखतात. त्याआधी ड्रायव्हर हळदीची पूड टाकत असत, ती रेडिएटरच्या गळतीसाठी. यांपैकी कशानेही ज्वलनकक्षातला तडा बुजत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात. गाडी मुक्कामी पोहोचवण्यापुरता तो उपाय आहे.

भारतात या विद्येला एवढे काम मिळाले ते ट्रकच्या इतिहासामुळे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडले. १९४५ मध्ये रेल्वे इंजिनांसाठी स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपला, मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचे चिन्ह आले. इंजिनाचे कूळ मात्र चालू राहिले. ६९७ चे बोअर आणि स्ट्रोक मर्सिडीजच्या ओएम ३५२ चेच आहेत. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्ती, १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस, ही आकडेमोड एका पिढीला पाठ होती. अशोक लेलँडचे कॉमेट एण्णोरहून आले, बेडफर्ड उत्तरपाड्याहून, लष्करी शक्तिमान जबलपूरहून. कमिन्सची इंजिने १९६० च्या दशकापासून पुण्यात कोथरूडला बनू लागली आणि टाटांबरोबरच्या १९९३ च्या संयुक्त उद्योगातून ती ट्रकवर चढली.

सुटे भाग सहजी न मिळण्याचा तो काळ होता. त्यामुळे जिथे ट्रक थांबत तिथे हेडचे कारागीर बसले: निगडीच्या वाहतूकनगरीत, कळंबोलीत, नागपूरच्या वाडीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बीड ओतणारे आणि बीड जोडणारे हात शेजारीशेजारी वाढले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून आज देशभरच्या वाहन उद्योगाला ओतीव भाग जातात, त्या परंपरेचाच हा दुसरा, कमी बोलला जाणारा पैलू आहे.

हे सगळे आत्ताच लिहून का ठेवायचे? १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ ची वाहने आली. २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल वाहनांवर त्याआधीच निर्बंध आले होते. ६९७ सारख्या इंजिनांचा महामार्गावरचा काळ संपत आला आहे. तरी ती संपलेली नाहीत. पाण्याचे टँकर, उसाच्या हंगामातल्या गाड्या, बोअर मारणारे रिग, खाणीतले कॉम्प्रेसर यांवर ती चालतात. त्यांच्यासाठी नवे हेड मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार. भंगारातून आणलेले हेड बहुधा त्याच कारणाने भंगारात गेलेले असते. शहराच्या हवेत धूर ओकणारा ट्रक दुरुस्त करून चालवत राहावा, असा या पुस्तकाचा आग्रह नाही. कोणती गाडी किती वर्षे चालावी हा कायद्याचा प्रश्न आहे. जी इंजिने चालणारच आहेत, ती पाणी न खाता, पूर्ण कॉम्प्रेशनवर, नीट जळत चालावीत, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

दुसरे कारण माणसांचे आहे. आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात बिडाच्या दुरुस्तीला फार जागा मिळू शकत नाही; मुलांना नवी इलेक्ट्रॉनिक इंजिनेही शिकायची असतात. भट्टीचा ताव ओळखणारे वृद्ध झाले आहेत. त्यांची मुले या धंद्यात असतीलच असे नाही. शिवाय नव्या ट्रकांची काही हेडे आणि ब्लॉक वेगळ्या जातीच्या बिडातून ओतले जातात. त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी आखूड, गोलसर कृमींसारखे असते. या बिडाची दुरुस्ती शिकायची तर जुन्या बिडाची नीट कळलेली असायला हवी.

मराठीत यंत्रांविषयी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले ते कारखान्याचेच मासिक म्हणून, आणि नांगर, पंप, चरक यांच्याबद्दल शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत लिहिता येते हे तेव्हाच सिद्ध झाले. पुढे ही परंपरा पातळ होत गेली. गॅरेजमधला हुशार मुलगा आज इंग्रजी सेवापुस्तिकेतल्या आकृत्या पाहतो आणि मजकूर सोडून देतो. त्यामुळे टॉर्क किती, हेड घासून किमान किती जाडी ठेवायची, नोझलचे टोक किती बाहेर यायला हवे, या गोष्टी कानोकानी फिरतात आणि वाटेत बदलतात. प्रस्तुत पुस्तकाने गॅरेजचीच भाषा स्वीकारली आहे. ‘फेसिंग’ला ‘फेसिंग’ आणि ‘गाइड’ला ‘गाइड’ म्हटले आहे, ते योग्य झाले.

दुरुस्तीनंतरच्या कामाला पुस्तकाने दिलेली जागा विशेष मोलाची आहे. तडा उत्तम भरला आणि हेड तसेच बसवले, तर गॅस्केट महिन्याभरात जाते. हेडचा तळ पुन्हा सपाट करावा लागतो. तो घासला की वॉल्व्ह खाली येतात, म्हणून सीट पुन्हा कापावी लागते, आणि मग सीट व गाइड यांची समकेंद्रता तपासावी लागते. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे असतात. पाण्याच्या पोकळ्या साफ करणे, रेडिएटर उघडून धुणे, थर्मोस्टॅट बसवणे, आणि यापुढे कूलंटच वापरणे, ही कामे हेडच्या बिलात धरलीच पाहिजेत. पहिल्या तड्याचे कारण जागेवर राहिले तर त्याच पट्टीवर, पिनांच्या शेजारून, दुसरा तडा येतो.

पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्या इंजिनाचे हेड आजच टेबलावर उतरले आहे, त्यांनी तपासणीच्या भागापासून सुरुवात करावी आणि दाबाची परीक्षा होईपर्यंत ना वेल्डिंगची कांडी उचलावी, ना ड्रिल. शिकणाऱ्यांनी भंगारातले एक हेड मिळवावे, ते करवतीने मधोमध कापावे आणि पाणी कुठून कुठे फिरते ते आधी पाहावे. आणि ज्या जुन्या कारागिरांच्या हाती यातली एखादी रीत वेगळी, अधिक चांगली आहे, त्यांनी ती स्वतः लिहावी किंवा कुणाला तरी सांगून लिहून घ्यावी; पुढच्या आवृत्तीत तिला जागा आहे.